कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी वेगळा परवाना असावा का? ब्रिटनमधील नियमबदल आणि उरलेले प्रश्न

ओवी

ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅरॅव्हॅन (ओढून न्यायचे चाकांवरचे घर) जोडून ती रस्त्यावर आणणाऱ्या चालकाकडे वेगळा परवाना असावा की नसावा, हा प्रश्न १६ डिसेंबर २०२१ रोजी कायद्याने मिटवला, परंतु माझ्या मते तो सुटलेला नाही. त्या दिवसापासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मोटारीचा पूर्ण परवाना असलेली कोणतीही व्यक्ती ३,५०० किलोपर्यंत कमाल अनुज्ञेय (मालासह) वजनाचा ट्रेलर ओढू शकते. त्यासाठी वेगळी चाचणी नाही आणि प्रशिक्षणाची सक्तीही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र जुनाच नियम कायम आहे. डेव्हन, कॉर्नवॉल किंवा लेक डिस्ट्रिक्टला जाण्यासाठी कॅरॅव्हॅन घ्यावी असा विचार आपल्यापैकी अनेक कुटुंबांत चालू असतो, म्हणून हा विषय या चर्चामंचावर सविस्तर मांडत आहे.

आधी पार्श्वभूमी. १ जानेवारी १९९७ पूर्वी ज्यांनी मोटारीची चाचणी दिली, त्यांना ट्रेलर ओढण्याचा हक्क आपोआप मिळाला, तोही इतका मोठा की वाहन आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोपर्यंतचे धूड ते आजही चालवू शकतात. १९९७ पासून नियम कडक झाला. नव्या चालकाला ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालत असे. त्याहून जड ट्रेलर हवा असेल, तर वाहन आणि ट्रेलर यांचे एकत्रित कमाल वजन ३,५०० किलोच्या आत असावे लागे. त्यापलीकडे जायचे तर 'बी अधिक ई' ही स्वतंत्र चाचणी होती. या रचनेत एक विसंगती होती, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ओढणारी मोटार कॅरॅव्हॅनपेक्षा जितकी जड, तितकी ती जोडी रस्त्यावर स्थिर राहते. पण एकत्रित वजनाची मर्यादा गाठू नये म्हणून लोक हलकी मोटार निवडत. चाचणी टाळण्यासाठी केलेली निवड सुरक्षिततेच्या नेमकी उलट दिशेने जात असे.

चाचणी रद्द झाली ती कॅरॅव्हॅनचा विचार करून नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यात लॉरीचालकांचा तुटवडा इतका वाढला होता की दुकानांतील फळ्या रिकाम्या दिसू लागल्या आणि सप्टेंबरअखेर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ट्रेलरची आणि लॉरीची चाचणी घेणारे परीक्षक एकच असल्यामुळे, वर्षाला सुमारे ३०,००० ट्रेलर-चाचण्या बंद केल्या तर तो वेळ लॉरीचालकांना देता येईल, असा हिशेब तत्कालीन वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांच्या खात्याने मांडला. २० सप्टेंबरपासून चाचण्या थांबल्या, कायदा मात्र डिसेंबरच्या मध्यावर बदलला. त्यामुळे मधल्या काळात ज्यांना चाचणी द्यायची होती त्यांना ती देताही येईना आणि चाचणीवाचून जड ट्रेलर ओढताही येईना. ज्या प्रशिक्षकांनी ट्रेलर शिकवण्याचाच व्यवसाय उभा केला होता, त्यांचे काम एका घोषणेने गेले. तुटवडा खरा होता, हे मला मान्य आहे. पण एका क्षेत्रातील अडचणीपोटी दुसऱ्या क्षेत्रातील सुरक्षेचा नियम कायमचा काढून टाकणे मला पटलेले नाही.

ट्रेलरच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याआधीच संसदेपर्यंत पोहोचलेला होता. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिस्टलमध्ये एका वाहनामागून सुटलेला ट्रेलर पदपथावर चढला आणि आईबरोबर चाललेल्या तीन वर्षांच्या मुलाचा त्यात मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी ट्रेलर-सुरक्षेसाठी मोहीम चालवली, आणि मालवाहतूक परवाने व ट्रेलर नोंदणीच्या २०१८ च्या कायद्यात, ट्रेलरमुळे होणारे अपघात आणि त्यांची कारणे यांचा अहवाल सरकारने द्यावा, अशी तरतूद झाली. जोड नीट बसला आहे की नाही, हे तपासायला एखाददुसरे मिनिट लागते. ते कसे तपासायचे हे प्रत्येक चालकाला ठाऊक असलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कोणताही संदेह नाही.

असे असूनही जुनी चाचणी जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणणार नाही. त्या चाचणीत ट्रेलर जोडणे, सोडवणे, मागे घेणे आणि रस्त्यावर चालवणे हे सर्व होते. परंतु चाचणीसाठी आणायचा ट्रेलर बंद पेटीच्या आकाराचा असावा लागे आणि त्यात किमान ६०० किलो वजन, वाळूच्या पोत्यांच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या रूपात, ठेवावे लागे. कॅरॅव्हॅनवाल्याचा खरा प्रश्न तेथे येतच नसे. सामान कोठे ठेवायचे, पुढच्या टोकावर किती भार येऊ द्यायचा, कॅरॅव्हॅनला बाहेरून लावायचा अवजड कापडी तंबू मागच्या खिडकीखाली ठेवला तर काय होते, टाकीत पाणी भरून प्रवास करावा का, यांपैकी काहीही परीक्षक विचारत नसे. शिवाय १९९७ पूर्वीच्या चालकांना ती चाचणी लागूच नव्हती, आणि मोठ्या कॅरॅव्हॅन बाळगणाऱ्यांत त्या वयाची माणसे बरीच आहेत.

माझे म्हणणे असे आहे की परीक्षा नको, पण एका दिवसाचे सक्तीचे प्रशिक्षण असावे. ते ७५० किलोंहून जड ट्रेलर ओढणाऱ्या सर्वांना, परवाना कोणत्या साली मिळाला हे न पाहता, लागू असावे. आणि त्यात वाहन चालवण्यापेक्षा वजन, भरणी आणि जोडणी यांवर अधिक वेळ द्यावा. येथे प्रत्यक्ष अनुभव असलेले सदस्य आहेत. आपली मते, विशेषतः विरोधी मते, कारणांसह वाचायला आवडतील.

आनंदवाट

ओवीताई, मांडणी अतिशय अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे.

नियम बदलताना सरकारने असे म्हटले होते की चाचणी नसल्यामुळे चालकांचे कौशल्य घसरेल, असे दाखवणारा सांख्यिकीय पुरावा उपलब्ध नाही. ज्यांना सक्ती हवी आहे, पुरावा देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. एखादी घटना कितीही हृदयद्रावक असली, तरी तिच्यावरून लाखो चालकांसाठी नियम करताना, त्या नियमाने ती घटना टळली असती का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरे असे की साडेतीन टनांची मालवाहू व्हॅन आज कोणीही मोटारीच्या साध्या परवान्यावर भाड्याने घेऊन घर हलवतो. तिला मागची खिडकी नसते, ब्रेक लागायला अंतर अधिक लागते, वाऱ्यात ती डुलते, आणि चालक बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ती चालवत असतो. साडेतीन टनांच्या मोटरहोमचेही (स्वतःचे इंजिन असलेल्या चाकांवरच्या घराचेही) तेच. तेथे प्रशिक्षण नको आणि कॅरॅव्हॅनलाच हवे, हे तर्काला धरून नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा. जुन्या चाचणीसाठी प्रशिक्षण, ट्रेलरचे भाडे आणि शुल्क मिळून कित्येकशे पौंड जात. कॅरॅव्हॅन हा हौसेचा भाग आहे, असे मानले तरी ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये घोडे नेणारे, शेळ्यामेंढ्या बाजारात नेणारे छोटे शेतकरी, बागकाम करणारे आणि स्वयंसेवी गटही आहेत. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब या दोन्ही संस्थांचे अभ्यासक्रम आहेतच. स्वतःची महागडी कॅरॅव्हॅन आणि आपलीच मुलेबाळे घेऊन निघणारा माणूस निष्काळजी असतो, असे गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते.

गिअरबॉक्स

मी काही वर्षे ट्रेलर चालवण्याचे प्रशिक्षण दिले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. आनंदवाट यांनी व्हॅनचे उदाहरण दिले, परंतु त्यात एक मूलभूत फरक राहून गेला आहे. व्हॅन हे एकसंध वाहन आहे. मोटार आणि कॅरॅव्हॅन ही दोन वाहने एका बिंदूवर जोडलेली असतात, आणि त्या बिंदूभोवती मागचे वाहन आडवे हलू शकते. ठरावीक वेगाच्या खाली हे हेलकावे आपोआप विरतात. त्या वेगाच्या वर गेले की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, कॅरॅव्हॅन मोटारीला दोन्ही बाजूंना खेचू लागते, आणि काही सेकंदांत दोन्ही उलटू शकतात. याला येथे सगळे स्नेकिंग म्हणतात. हा धोकादायक वेग किती, हे मुख्यतः भरणीवर आणि वजनाच्या प्रमाणावर अवलंबून असते. बाथ विद्यापीठात मोटार-ट्रेलर स्थैर्यावर जे प्रयोग झाले, त्यांतही वजनाची लांबीवरील विभागणी, पुढच्या टोकावरील भार आणि चाकांच्या आसाची जागा हेच घटक निर्णायक ठरले.

प्रत्यक्ष रस्त्यावर हे कसे घडते ते सांगतो. मोटरवेवर कॅरॅव्हॅनला ताशी ६० मैलांची मर्यादा आहे आणि लॉऱ्यांचा वेग यंत्रानेच सुमारे ५६ मैलांवर रोखलेला असतो. म्हणजे कॅरॅव्हॅनवाला लॉरीला मागे टाकू पाहतो तेव्हा दोघांतील फरक जेमतेम चार मैलांचा असतो आणि तो पंधरा सेकंदांहून अधिक काळ त्या लॉरीच्या बाजूला राहतो. या काळात लॉरीच्या बाजूने वाहणारी हवा आधी कॅरॅव्हॅनला एका दिशेने खेचते आणि लॉरीच्या तोंडापाशी आल्यावर दुसऱ्या दिशेने ढकलते. उतारावर हेच घडले आणि भरणी चुकीची असली, तर हेलकावा सुरू होतो. अशा वेळी नवख्या चालकाचा पाय सहजप्रवृत्तीने ब्रेकवर जातो आणि हात स्टिअरिंग उलट फिरवू लागतात. दोन्हींनी परिस्थिती बिघडते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढून, स्टिअरिंग सरळ धरून, वेग आपोआप उतरू देणे हा योग्य मार्ग आहे. हे कोणालाही आपसूक सुचत नाही. ते सांगावेच लागते. आनंदवाट म्हणतात त्याप्रमाणे लोक निष्काळजी नसतात, हे मला पूर्ण मान्य आहे. माझ्याकडे आलेली माणसे अत्यंत काळजीवाहू होती, त्यांना फक्त हे कोणी सांगितलेले नव्हते.

क्लबच्या अभ्यासक्रमांना कोण येते, हेही पाहावे. मुळातच सावध असलेले लोक येतात. ज्यांना त्याची खरी गरज आहे, त्यांना ती आहे हेच माहीत नसते.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितो आहे. कॅरॅव्हॅन मी पाहिलेली नाही, पण ऊसवाहतूक जन्मापासून पाहतो. पुढच्या टोकावरील भाराचे जे वर्णन गिअरबॉक्स यांनी केले, ते बैलगाडी हाकणाऱ्या कोणालाही लगेच उमजेल. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते, पुढे अधिक झाला की धुरजड होते, आणि दोन्ही वेळा त्रास ओढणाऱ्याला होतो.

आपल्याकडील कायद्याविषयी एक नोंद येथे उपयोगी पडेल. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकाने मागे ट्रॉली जोडली म्हणून तो विनापरवाना ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपघातग्रस्ताला विम्याची भरपाई मिळण्याच्या दृष्टीने तो निकाल न्याय्यच होता. परंतु त्यानंतर 'मग ट्रॉली ओढायला शिकवायचे कोणी' हा प्रश्न कोणी हाती घेतला नाही. गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला, आणि चालक विशीतला, हे दृश्य आमच्या रस्त्यांवर नेहमीचे आहे. परवाना वेगळा असो वा नसो, शिकवण्याची जबाबदारी कोणाची तरी ठरलेली असावी, एवढेच मला म्हणायचे आहे. ओवीताईंच्या मताला माझा पाठिंबा आहे.

ऱ्हाइनकाठची रेवा

जर्मनीत ओवी सुचवतात तसा मार्ग प्रत्यक्षात आहे, म्हणून त्याची माहिती देते. युरोपीय संघाच्या परवानाविषयक नियमांत, जे जानेवारी २०१३ पासून लागू झाले, तीन पायऱ्या आहेत. साध्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर, किंवा एकत्रित ३,५०० किलोपर्यंतची जोडी चालते. ३,५०० ते ४,२५० किलोंमधील जोडीसाठी 'बी ९६' ही नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. त्यापुढे 'बीई' हा पूर्ण वर्ग आणि त्याची परीक्षा. बी ९६ साठी जर्मनीत परीक्षा नाही, किमान सात तासांचे प्रशिक्षण आहे: अडीच तास सिद्धान्त, साडेतीन तास मोकळ्या जागेत जोडणी, ब्रेक आणि मागे घेण्याचा सराव, आणि एक तास रस्त्यावर. फ्रान्समध्येही सात तासांचेच प्रशिक्षण आहे. येथील ते प्रशिक्षण माझ्या पतीने आणि मी दोघांनीही घेतले, कारण लांबच्या प्रवासात एकालाच चालवत ठेवणे आम्हाला योग्य वाटले नाही.

येथे आणखी एक गोष्ट चांगली आहे. ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ऑटोबानवर १०० ने जायचे असेल तर त्या कॅरॅव्हॅनला तशी मान्यता घ्यावी लागते, मागे १०० चा शिक्का लावावा लागतो, आणि ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून जुने असून चालत नाहीत. कॅरॅव्हॅन वर्षातील बहुतेक काळ उभीच असते, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि बाजूचे रबर मात्र आतून तडकलेले असते. शिवाय कॅरॅव्हॅनची तांत्रिक तपासणी दर दोन वर्षांनी होते. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनला मोटारीसारखी वार्षिक तपासणी नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटले. केवळ चालकाच्या परवान्यावर चर्चा करून ही बाजू राहून जाऊ नये.

ओवी

रेवा, टायरचा आणि तपासणीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तो जोडल्याबद्दल मनापासून आभार. सात तासांची ती विभागणी मला हव्या असलेल्या प्रशिक्षणाच्या अगदी जवळची आहे.

आनंदवाट, आपण पुरावा मागितला, तो आक्षेप रास्त आहे. पण कॅरॅव्हॅन ओढणे हे साध्या मोटारीपेक्षा वेगळे आहे, हे ब्रिटिश कायद्याने स्वतःच अनेक ठिकाणी मान्य केले आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला ६० मैलांची मर्यादा आहे, तिच्यामागे कॅरॅव्हॅन जोडली की ती ५० होते. तीन किंवा अधिक मार्गिका असलेल्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची मार्गिका ट्रेलरवाल्यांना वर्ज्य आहे. कॅरॅव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल तर बाहेर आलेले जादा आरसे लावावे लागतात, अन्यथा १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण बसतात. उत्तर यॉर्कशायरमध्ये ए १७० रस्त्यावरील सटन बँकच्या चढावर तर कॅरॅव्हॅनला सरसकट बंदी आहे, कारण चारास एक अशा त्या चढावर त्या अडकून पडत आणि मागची सगळी वाहतूक थांबत असे. वाहन वेगळे, वेग वेगळा, मार्गिका वेगळी, काही रस्तेसुद्धा वेगळे, इतके सगळे कायदा मानतो. मग या वेगळेपणाची ओळख चालकाला करून देण्याची गरज नाही, असे तोच कायदा कशाच्या आधारावर म्हणतो, हे मला समजत नाही.

छोट्या शेतकऱ्यांच्या खर्चाविषयी आपण लिहिलेत, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्यासाठी प्रशिक्षणाचे शुल्क मर्यादित ठेवणे आणि शेतकी महाविद्यालयांतून ते देणे असे मार्ग काढता येतील. सवलत असावी, पण ती पैशांत असावी, शिकण्यात नसावी.

दक्षिणध्रुव

ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅनसाठी वेगळा परवाना नाही, आणि येथे ब्रिटनच्या तुलनेत कॅरॅव्हॅन बऱ्याच जड असतात. निवृत्तीनंतर साडेतीन टनांच्या जवळपास जाणारी कॅरॅव्हॅन घेऊन देशाला वळसा घालायला निघणारी जोडपी येथे सर्वत्र दिसतात. न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या टप्प्याचा तात्पुरता परवाना असलेल्याला २५० किलोंहून अधिक रिकाम्या वजनाचा ट्रेलर ओढता येत नाही, पण तो टप्पा संपला की पुढे मोकळे रान आहे.

माझा अनुभव असा की येथील मुख्य अडचण चालवण्याच्या कौशल्याची नसून वजनाची आहे. कॅरॅव्हॅनच्या पाटीवर जे रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात नंतर बसवलेले सौर पॅनेल, जादा बॅटरी आणि पाण्याच्या टाक्या धरलेल्या नसतात. लोक ते वजन खरे मानून सामान भरतात. म्हणून मी ओवी यांच्या सूचनेत एक बदल सुचवीन. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःची कॅरॅव्हॅन, सुट्टीला निघतात तशी भरून आणावी आणि ती वजनकाट्यावर घालावी. आकडा डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे बरेचसे शिकवावे लागत नाही.

कोथरूड ते केंट

एक शंका आहे, आणि ती विषयाशी थेट संबंधित आहे. मी पुण्याहून येथे आलो. भारतीय परवान्यावर बारा महिने मोटार चालवता येते, परंतु तो परवाना येथे बदलून मिळत नाही, म्हणून येथील चाचणी नव्याने देऊन उत्तीर्ण झालो. ही चर्चा वाचेपर्यंत त्या चाचणीने मला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढण्याचा अधिकार दिला आहे, हे मला माहीतच नव्हते. चाचणीत कोणी ट्रेलरचा ट सुद्धा उच्चारला नाही, आणि पुण्यात मी मोटारीला कधी काही जोडलेले नाही. आता माझ्या मित्राची कॅरॅव्हॅन आठवडाभरासाठी मिळत आहे. माझ्या मोटारीचे वजन १,५०० किलो आहे आणि त्या कॅरॅव्हॅनचे कमाल वजन १,३०० किलो. हे चालेल का, आणि निघण्यापूर्वी मी नेमके काय शिकून घ्यावे?

गिअरबॉक्स

आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. क्रमाने उत्तर देतो.

पहिली गोष्ट वजनाची. आपल्या मोटारीच्या उत्पादकाने ओढण्याची जी मर्यादा दिली आहे, ती मोटारीच्या माहितीपुस्तिकेत आणि दाराजवळच्या पाटीवरून काढता येते. ती ओलांडणे बेकायदेशीर आहे आणि विमाही अडचणीत येतो. ती मर्यादा १,३०० किलोंहून अधिक असली, तरी नवख्या चालकाने कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा येथील क्लबांचा सल्ला आहे. आपल्या बाबतीत ती मर्यादा १,२७५ किलो येते. म्हणजे कॅरॅव्हॅन तिच्या पूर्ण क्षमतेपर्यंत भरू नका. पाण्याची टाकी रिकामी ठेवा, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. डबाबंद खाद्यपदार्थ आणि तंबूचे खांब मोटारीत ठेवा. कॅरॅव्हॅनमधील जड वस्तू जमिनीलगत आणि आसाच्या वर येतील अशा ठेवा, हलक्या वस्तू वरच्या कप्प्यांत, आणि अगदी मागच्या टोकाला काहीही जड ठेवू नका.

दुसरी गोष्ट नोजवेटची, म्हणजे कपलिंग (कॅरॅव्हॅनच्या तोंडावरची पकड) मोटारीच्या टो-बॉलवर (मागे बसवलेल्या गोल गुंडीवर) जो भार टाकते त्याची. येथे तो भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असे मानतात. १,२७५ किलोंसाठी तो साधारण ६४ ते ८९ किलो येतो. मात्र आपल्या मोटारीचा टो-बार (टो-बॉल ज्यावर बसवलेला असतो तो दांडा) किती सोसतो हे त्याच्या पाटीवर पाहा, कारण अनेक मोटारींत ती मर्यादा ७५ किलोच असते आणि मग तीच पाळावी लागते. मोजण्यासाठी खास उपकरण मिळते. ते नसेल तर घरातील वजनकाटा कपलिंगच्या डोक्याखाली ठेवावा, त्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करावा, कॅरॅव्हॅन सपाट जमिनीवर चाकांना अडसर लावून उभी असावी, आणि जॉकी-चाक (कॅरॅव्हॅनच्या तोंडाखालचे टेकूचे छोटे चाक) हळूहळू वर घेत सगळा भार ठोकळ्यावर येऊ द्यावा. आकडा कमी आला तर एखादी वस्तू आसाच्या थोडी पुढे सरकवावी. जास्त आला तर मागे. दोन-तीनदा हे केले की आपल्या सामानाची जागा ठरून जाते.

तिसरी गोष्ट जोडणीची. कपलिंग टो-बॉलवर बसल्याचा आवाज आला म्हणजे जोड पक्का झाला, असे समजू नये. बहुतेक कपलिंगवर हिरवी खूण असते, ती पूर्ण दिसली पाहिजे. त्यानंतर जॉकी-चाक पुन्हा खाली फिरवून कॅरॅव्हॅनचे तोंड वर उचलण्याचा प्रयत्न करा. त्याबरोबर मोटारीचा मागचा भागही उचलला जाऊ लागला, तर जोड पक्का आहे. कॅरॅव्हॅन एकटीच उचलली गेली, तर तो बसलेलाच नाही. मग जॉकी-चाक पूर्ण वर घेऊन घट्ट आवळा. ब्रेकअवे केबल टो-बारवरील तिच्यासाठी दिलेल्या कडीतून घ्या. कॅरॅव्हॅन सुटलीच तर हीच केबल तिचे ब्रेक लावते. ती जमिनीला घासता कामा नये आणि वळताना ताणली जाता कामा नये. शेवटी हँडब्रेक सोडलेला आहे, दिव्यांची जोडणी केलेली आहे आणि दुसऱ्या व्यक्तीने मागे उभे राहून ब्रेकचे व वळणाचे दिवे पाहिलेले आहेत, याची खात्री करा. मागच्या बाजूला आपल्या मोटारीचाच क्रमांक असलेली पाटी लावावी लागते, तीही विसरू नका.

मागे घेणे वाचून येत नाही. त्यासाठी रिकामे मैदान आणि शेजारी जाणकार माणूस हवा, म्हणून क्लबच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवा.

कोथरूड ते केंट

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टो-बारची पाटी पाहिली, मर्यादा ७५ किलोचीच आहे. येत्या शनिवारी मित्राला बरोबर घेऊन नोजवेट मोजतो. प्रशिक्षणासाठी पत्नीसह दोघांचीही नावे नोंदवत आहे.

आनंदवाट

गिअरबॉक्स यांचा शेवटचा प्रतिसाद दोनदा वाचला. सक्तीला माझा विरोध अजूनही आहे, विशेषतः १९९७ पूर्वीच्या चालकांचा हक्क पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेण्याला. परंतु मोटारीच्या सैद्धान्तिक परीक्षेत नोजवेट, ब्रेकअवे केबल आणि स्नेकिंग यांवरचे प्रश्न सर्वांनाच विचारावेत, कारण परवाना मिळताच ओढण्याचा हक्कही सर्वांनाच मिळतो, या मागणीला माझा पाठिंबा राहील. त्यासाठी वेगळा परीक्षक लागत नाही आणि कोणाच्या खिशातून जादा पौंडही जात नाही.

ओवी

आनंदवाट, ही सूचना मी माझ्या मूळ मागणीबरोबर जोडून घेते. कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता ती अमलात येऊ शकते. सर्वांच्या प्रतिसादांचा आधार घेऊन आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा करत आहे. त्यात एका दिवसाचे प्रशिक्षण, दक्षिणध्रुव यांनी सुचवलेले वजनकाट्यावरील मोजमाप आणि रेवा यांनी मांडलेली कॅरॅव्हॅनची नियमित तपासणी हे मुद्दे असतील. मसुदा रविवारी याच धाग्यावर टाकते. ब्रिटनमधील सदस्यांनी तो आपापल्या खासदारांसाठी हवा तसा बदलून घ्यावा.